साणंदला जमले ते तळेगावला का नाही?

फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन अमेरिकी कंपन्यांनी चार-पाच वर्षांच्या अंतराने भारतातला गाशा गुंडाळला. फोर्डचा गुजरातमधला साणंदचा कारखाना टाटा मोटर्सच्या विद्युत वाहनांच्या उपकंपनीने घेतला. जनरल मोटर्सचा आपल्या मावळातला तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला. दोन्ही कारखान्यांतून आज नव्या गाड्या बाहेर पडतात. गुंतवणूक वाचली, शेड ओस पडल्या नाहीत, राज्यांना कर मिळू लागला. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत.

फरक करारपत्रात आहे. साणंदचा करार ऑगस्ट 2022 मध्ये 725.7 कोटी रुपयांना झाला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, यंत्रे होती आणि वाहननिर्मितीतले सर्व पात्र कर्मचारीही होते. त्याआधी मे महिन्यात जो सामंजस्य करार झाला, त्यावर टाटा आणि फोर्ड यांच्याबरोबर गुजरात सरकारचीही सही होती. तळेगावचा करार ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. तिथे वर्षानुवर्षे लाइनवर उभे राहिलेले हजाराहून अधिक कायम कामगार त्यात नव्हते. ते उपोषणाला बसले, मंत्रालयात गेले, न्यायालयात गेले. कारखाना नव्या मालकाकडे गेला, आणि ज्यांना तो कारखाना चालवता येत होता ती माणसे फाटकाबाहेर राहिली.

हा फरक बाजाराने घडवला असे मला वाटत नाही. तो सरकारांनी घडवला, आणि सरकारे तो बदलू शकतात. महाराष्ट्राने उद्योगांना दिलेल्या प्रत्येक सवलतीला आणि जमिनीच्या प्रत्येक हस्तांतरणाला कामगारांची आणि छोट्या पुरवठादारांची अट जोडली पाहिजे, हे मला इथे सांगायचे आहे. जगभरच्या मोटार उद्योगात जी उलथापालथ चालली आहे, ती पाहता ही अट घालायला आता उशीर करून चालणार नाही.

तळेगावची हकीगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या उद्योगाचे गेल्या दहा वर्षांतले बहुतेक ताण तिथे एका तालुक्यात येऊन आदळले. कारखाना 2008 साली सुरू झाला. 2017 साली जनरल मोटर्सने जगभरच आवराआवर काढली. युरोपातल्या ओपेल आणि व्हॉक्सहॉल या कंपन्या विकल्या, दक्षिण आफ्रिका सोडली, भारतात गाड्या विकणे थांबवले. गुजरातमधला हालोलचा कारखाना चीनच्या साइक कंपनीकडे गेला. तळेगाव मात्र चालू राहिले, कारण इथून मेक्सिकोसारख्या देशांना छोट्या गाड्या निर्यात होत होत्या. म्हणजे इथल्या तरुणाच्या पगाराचा भरवसा तिकडच्या ग्राहकाच्या आवडीवर होता. ती निर्यातही आटली आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबले.

त्याआधी, जानेवारी 2020 मध्ये, कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे ठरले होते. जनरल मोटर्सचा थायलंडमधला रायोंगचा कारखानाही त्याच सुमारास त्याच कंपनीला विकायचे ठरले. थायलंडचा सौदा पार पडला. इकडे 15 जून 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलशी सुमारे पावणेचार हजार कोटींचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले 20 जवान धारातीर्थी पडले. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची आगाऊ परवानगी लागेल, हा नियम एप्रिलमध्येच झाला होता. परवानगी मिळाली नाही आणि 2022 मध्ये तो सौदा बारगळला. पुढच्या वर्षी ह्युंदाई आली.

डेट्रॉइटमधला निर्णय, लडाखमधला संघर्ष, मग सोलमधला निर्णय. यातल्या एकाही गोष्टीत मावळातल्या त्या कामगाराचा हात नव्हता. आयटीआय करून विशीत कामाला लागलेला मुलगा उत्पादन थांबले तेव्हा तिशीत आला होता, त्याच्यावर घराचे हप्ते होते, मुले शाळेत होती. जागतिक उद्योगाच्या सगळ्या जोखमीचे ओझे शेवटी सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरले. या प्रश्नावर मी लिहितो आहे ते याच अस्वस्थतेतून.

आता जगाकडे पाहू. एके काळी मोटार कंपन्यांचे स्वप्न होते की एकच गाडी बनवायची आणि ती साऱ्या जगात विकायची. ते स्वप्न आता मोडले आहे. प्रत्येक प्रदेश आपापले कुंपण घालतो आहे. चीनने 2023 साली जपानला मागे टाकून वाहन निर्यातीत पहिला क्रमांक मिळवला. 2024 साली तिथे 3 कोटींहून अधिक वाहने तयार झाली, आणि त्या वर्षाच्या जुलैपासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक विजेच्या किंवा प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या, होत्या. ही झेप केवळ स्वस्त मजुरीवर घेतलेली नाही. बॅटरीचा सेल, मोटरमधले चुंबक, त्यासाठी लागणारी दुर्मीळ मूलद्रव्ये शुद्ध करण्याचे कारखाने, ही सगळी साखळी चीनने वीस वर्षे चिकाटीने उभी केली. ज्याच्या हातात साखळी त्याच्या हातात उद्योग.

इतर प्रदेश घाबरून दारे लावत आहेत. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2024 मध्ये चिनी विद्युत मोटारींवर नेहमीच्या 10 टक्क्यांखेरीज जादा कर लावला. बीवायडी या चिनी कंपनीवर 17 टक्के, साइकवर 35.3 टक्के. अमेरिकेने आधी चिनी विद्युत मोटारींवर 100 टक्के कर लावला, मग एप्रिल 2025 पासून आयात होणाऱ्या मोटारींवर 25 टक्के, आणि त्यानंतर सुट्या भागांवरही. सप्टेंबरअखेर तिथे विजेच्या गाडीवर मिळणारी 7,500 डॉलरची करसवलत संपली. एकाच देशाचे धोरण चार वर्षांत दोनदा उलटेपालटे झाले. कारखाना तीस वर्षांचा विचार करून उभारायचा असतो. निवडणुका चार वर्षांनी येतात.

जपानच्या निसानने मे 2025 मध्ये 20 हजार नोकऱ्या कमी करण्याचे आणि 17 कारखान्यांवरून 10 वर येण्याचे जाहीर केले. योकोसुकातला ओप्पामाचा जुना कारखानाही त्यात आहे. थायलंडला आशियाचे डेट्रॉइट म्हणत. तिथे जपानी कंपन्यांचे साम्राज्य होते. सुबारूने 2024 अखेर तिथले उत्पादन थांबवले, सुझुकीनेही कारखाना बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी जुलैत रायोंगमध्ये बीवायडीचा कारखाना सुरू झाला. ब्राझीलमध्ये फोर्डने सोडलेल्या कामासारीच्या जागेवर बीवायडी आली. बंद कारखाना पुन्हा उभा राहणार म्हणून तिथे आनंद होता. पण डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या श्रम अधिकाऱ्यांनी त्या बांधकामावरच्या 163 चिनी मजुरांना गुलामीसदृश स्थितीत ठेवल्याचे नोंदवून त्यांची सुटका केली. जुन्या जागी नवा मालक आला म्हणजे माणसांचे भले आपोआप होते, असे नाही.

मला सर्वांत बोलकी वाटते ती जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली तफावत. दोन्ही श्रीमंत देश, दोन्हीकडे मजुरी महाग, दोन्हीकडे संकट खरे. फोक्सवॅगनला चीनमधली विक्री घसरल्यामुळे आणि विजेच्या गाड्यांवरच्या खर्चामुळे जर्मनीतले कारखाने बंद करायचे होते. तो विचार 2024 च्या उन्हाळ्यानंतर उघड झाला, संप झाले, आणि डिसेंबरमध्ये आयजी मेटल या संघटनेबरोबर तडजोड झाली. 2030 पर्यंत 35 हजारांवर नोकऱ्या कमी होतील, पण कुणालाही सक्तीने काढले जाणार नाही. कारखाने तडकाफडकी बंद होणार नाहीत. ड्रेस्डेन आणि ओस्नाब्रुक इथल्या कारखान्यांबाबत ठरावीक मुदती. ही तडजोड कामगारांना सुखाची नव्हती, पगारवाढीवर पाणी सोडावे लागले. पण ती टेबलावर झाली. कारण त्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या आहेत आणि लोअर सॅक्सनी या राज्याकडे 20 टक्के मताधिकार आहे. सरकार आणि कामगार दोघेही आत बसलेले असताना निर्णय बाहेरून येऊन आदळत नाही.

ऑस्ट्रेलियात सरकारने वर्षानुवर्षे अनुदाने दिली आणि मग एके दिवशी हात वर केले. ऑक्टोबर 2016 मध्ये फोर्ड, ऑक्टोबर 2017 च्या सुरुवातीला टोयोटा, आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला जनरल मोटर्सच्या होल्डनचा ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ इथला कारखाना. साधारण वर्षभरात एका देशाचा मोटारनिर्मितीचा उद्योग संपला. मोठ्या कंपन्यांबरोबर त्यांना भाग पुरवणारे छोटे कारखानेही गेले. त्यांची नावे बातमीत आली नाहीत. अनुदान दिले होते ते कंपन्यांना. त्यातून कामगाराच्या किंवा पुरवठादाराच्या हाती काय उरेल, याची अट आधी लिहून ठेवलेली नव्हती.

बेल्जियमचेही एक उदाहरण आहे. 1997 साली रेनॉने ब्रसेल्सजवळचा व्हिलव्होर्डचा कारखाना अचानक बंद केला, सुमारे 3,100 लोक बेकार झाले आणि देश पेटून उठला. पुढच्याच वर्षी कायदा झाला: मोठी कामगारकपात करायची तर निर्णय घेण्याआधी कामगारांना माहिती द्यायची, त्यांचे पर्याय ऐकायचे, त्यांना उत्तर द्यायचे. हा कायदा कारखाना वाचवतोच असे नाही. ऑडीचा ब्रसेल्समधला कारखाना फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झालाच आणि सुमारे 3 हजार लोकांचे काम गेले. पण बंदची चाहूल आदल्या जुलैत उघडपणे लागली होती आणि मधले महिने वाटाघाटींचे होते. आपल्याकडे कामगाराला बहुतेकदा नोटीस बोर्डावरच बातमी कळते.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर 2025 चा उन्हाळा आठवावा. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. जगातली बहुतांश अशी चुंबके चीनमध्ये बनतात. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये जे चुंबक असते ते वजनाने किरकोळ, किमतीनेही फार नाही. पण ते तापमान चढले तरी शक्ती टिकवून धरते ते त्यातल्या डिस्प्रोसियमसारख्या मूलद्रव्यामुळे, आणि त्याला चटकन पर्याय नाही. शिकागोत फोर्डचा कारखाना आठवडाभर थांबला. जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचे उत्पादन थांबवावे लागले. आणि आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन घटले; ऑगस्टमध्ये ते शून्यावर येऊ शकते, असे राजीव बजाज यांना जाहीरपणे सांगावे लागले. बीजिंगमध्ये एका परिपत्रकावर सही होते आणि चार महिन्यांत पिंपरी-चिंचवडमधल्या पुरवठादाराचे शेड्युल, म्हणजे महिन्याच्या मागणीचे पत्रक, कोरे येते. त्या पुरवठादाराच्या शेडमध्ये पंधरा-वीस माणसे असतात. शेड्युल आले नाही की पहिली सुट्टी त्यांना मिळते, आणि ती बिनपगारी असते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये देशात अशी चुंबके बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. पण चुंबकाचा कारखाना उभा राहायला वर्षे लागतात, आणि तोवर महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या विजेच्या गाड्यांतले सेलही बीवायडीकडूनच येतात. गाडी आपली, डिझाइन आपले, जोडणी आपली, आणि किमतीतला सर्वांत मोठा एकच भाग बाहेरचा. हे कंपनीला कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. महिंद्राने चाकणमध्ये जे उभे केले त्याचा मला अभिमान वाटतो. पण साखळीतला आपला वाटा कोणता आणि तो वाढणार की घटणार, हा प्रश्न विचारला पाहिजे.

तो घटण्याची भीती आहे, आणि ती कोणाला आहे हे पाहायचे तर चाकणच्या चकचकीत फाटकांकडे पाहून भागणार नाही. भोसरीच्या गाळ्यांत जावे लागेल. तिथे संगणकावर चालणारी दोन सीएनसी यंत्रे, एक व्हीएमसी यंत्र, कर्जाचे हप्ते, आणि मोठ्या पुरवठादाराकडून मिळणारे जॉबवर्क, एवढ्यावर हजारो छोटे उद्योग उभे आहेत. कोणी व्हॉल्व्ह गाइड फिरवतो, कोणी गिअरचे ब्लँक, कोणी इंजेक्टरची नळी. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत इंजिनाचे ब्लॉक आणि सिलिंडर हेड ओतले जातात. छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये 1985 पासून बजाजच्या भोवती एक अख्खे शहर वाढले. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, रिंग नाही, क्रँकशाफ्ट नाही, कॅमशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही, क्लच प्लेट नाही, डिझेलचा पंप नाही. ब्रेक राहतील, सस्पेन्शन राहील, सीट, काचा, टायर राहतील, वायरिंग तर वाढेलच. पण ज्याचा सगळा धंदा इंजिनाच्या पोटातल्या एका भागावर आहे, त्याने काय करायचे?

यावर नेहमी एक उत्तर मिळते: भारतात मोटारींमध्ये विजेचा वाटा अजून शेकड्यात तीन-पाच गाड्यांचा आहे, घाई कसली? मोटारींपुरते ते बरोबर आहे. पण तीनचाकींत, ई-रिक्षा धरून, नव्या विक्रीत निम्म्याहून अधिक गाड्या आजच विजेवर आहेत, आणि तीनचाकी व दुचाकी हा पुणे-वाळूज पट्ट्याचा प्राण आहे. शिवाय अनुभवी लघुउद्योजक जाणतो की इंजिनाचा भाग एका दिवसात बंद होत नाही. आधी नव्या मॉडेलचे काम येणे थांबते, मग जुन्याचे प्रमाण घटते, मग दर कापून मागतात, आणि चार वर्षांनी लक्षात येते की यंत्राचे कर्ज यंत्रापेक्षा जास्त दिवस टिकले. तयारीची वेळ ऑर्डर असतानाची. ऑर्डर गेल्यावर बँक दारात उभे करत नाही.

आणि सरकारी मदत कुठे गेली? वाहन उद्योगासाठी केंद्राने 2021 साली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, 25,938 कोटींची. हेतू उत्तम: विजेच्या आणि प्रगत तंत्रज्ञानाच्या गाड्या व भाग देशात बनावेत. पण पात्रतेची अट अशी, की सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगसमूहाची जागतिक उलाढाल निदान 500 कोटी हवी. 500 कोटी! भोसरीतला गाळा सोडाच, शिरोलीतल्या चांगल्या चालणाऱ्या फौंड्र्यांपैकीही बहुतेकांना ही पायरी दिसणार नाही. ज्याला संक्रमण पेलणे सर्वांत सोपे त्याला मदत, आणि ज्याच्या उरावर ते बसणार त्याला शुभेच्छा. योजनेत 50 टक्के देशांतर्गत मूल्यवृद्धीची अट आहे, हे मान्य. त्या अटीचा थोडा लाभ खाली झिरपेलही. पण झिरपण्यावर विसंबून राहणे हे धोरण नव्हे.

कंत्राटी कामगारांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि खरे तर सुरुवातच तिथून करायला हवी होती. तळेगावच्या कायम कामगारांना निदान संघटना होती, न्यायालयाचे दार होते. चाकण-रांजणगावच्या लाइनवर आज मोठ्या संख्येने उभे असलेले तरुण कंत्राटदाराच्या यादीत असतात, ट्रेनी असतात, काही वर्षे 'नीम' या केंद्राच्या प्रशिक्षणार्थी योजनेतून येत होते. लातूर, नांदेड, बीड, परभणीहून आलेली ही मुले नाणेकरवाडी-महाळुंगेच्या खोल्यांत चौघे-सहाजण मिळून राहतात. काम तेच, शिफ्ट तीच, बसमधली जागाही तीच, पण पगार कायम कामगाराच्या पासंगालाही पुरत नाही आणि ठरावीक महिन्यांनी 'ब्रेक' ठरलेला. मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. यांना काढायला फोनही करावा लागत नाही, पुढच्या महिन्यात पास मिळाला नाही म्हणजे समजायचे. मोटार उद्योगातली मंदी आकडेवारीत दिसते त्याच्या आधी या खोल्यांत दिसते. खोल्या रिकाम्या होतात, मेसवाल्याची उधारी बुडते, एसटीला गर्दी वाढते. त्यांच्या जाण्याची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नाही.

कायद्याचे वारेही उलटे आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता 300 पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा 100 होती. त्याच संहितेत एक चांगली तरतूदही आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे. पंधरा दिवसांच्या पगारात पिस्टन फिरवणारा माणूस बॅटरीची जोडणी शिकणार कशी, हे मला कळत नाही. सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि तेवढ्या काळाचा निर्वाहखर्च, यापेक्षा कमी म्हणजे काहीच नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप उद्योगक्षेत्राचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तो असा: अटी घातल्या तर कंपन्या तामिळनाडूला जातील, गुजरातला जातील. सिंगूरहून नॅनो 2008 साली साणंदला गेली हे सगळ्यांनी पाहिले. व्हिएतनामची विनफास्ट तुतिकोरिनला गेली. शिवाय, जुन्या कामगारांची जबाबदारी नव्या मालकावर टाकली तर बंद कारखाने कोणी घेणारच नाही आणि शेड गंजत पडतील. कंपन्यांना कारखाना बंद करणे अवघड केले की त्या उघडायलाही घाबरतात.

पण साणंद कुठे आहे? गुजरातमध्येच आहे. ज्या राज्याकडे कंपन्या पळतील अशी भीती घातली जाते, त्याच राज्याने त्रिपक्षीय करारावर सही केली आणि कामगार नव्या मालकाकडे गेले. टाटांनी ते धर्मादाय म्हणून केले असेही नाही. शिकलेली माणसे हातात घेऊन कारखाना लवकर सुरू करता येतो, यात त्यांचा फायदाच होता. त्या सौद्यासाठी ग्राहक पळाला नाही. तळेगावलाही ह्युंदाईला घाई होती, कारण चेन्नईची क्षमता भरत आली होती आणि पुण्याजवळ तयार कारखाना मिळणे सोपे नाही. घासाघीस करायला राज्याच्या हातात पत्ते होते.

कोणते पत्ते? पहिला जमिनीचा. एमआयडीसी जमीन विकत नाही. 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. पट्टा दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची संमती लागते आणि शुल्क भरावे लागते. ही जमीन कधी काळी शेतकऱ्यांकडून सार्वजनिक हेतूसाठी संपादन केलेली आहे. मग हस्तांतरणाच्या संमतीपत्रात एक कलम का असू नये, की ठरावीक वर्षांहून अधिक काम केलेल्या कामगारांना नव्या मालकाने आधी संधी द्यावी, आणि ज्यांना घेणे खरोखर शक्य नाही त्यांची भरपाई विक्रीच्या रकमेतून, विक्री पूर्ण होण्याआधी चुकती व्हावी? यात नव्या मालकावर सगळे ओझे पडत नाही. जुना मालक पैसे घेऊन देश सोडतो, त्याच्याकडून ते वसूल होते.

दुसरा पत्ता सवलतींचा. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी मिळते. 2025 च्या नव्या विद्युत वाहन धोरणात खरेदीदाराला अनुदान आहे, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. हा सगळा करदात्याचा पैसा आहे. आणि अट घालण्याची प्रथा नाही असेही नाही. सवलत घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असा शासन निर्णय महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून आहे. अट कागदावर राहते, हा त्याचा दोष. ती अंमलात आणता येण्याजोगी करणे हे काम. स्थानिक कोण, हे विचारणाऱ्या सरकारने तो कायम आहे की कंत्राटी, हेही विचारावे. परताव्याची रक्कम कायम कामगारांच्या प्रमाणाशी जोडली, तर कंपनीचा हिशेबनीसच भरतीचे धोरण बदलेल.

तिसरी गोष्ट पुरवठादारांची. पुण्यात 1966 पासून एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे. नवा भाग तपासून प्रमाणित करून घेण्याची सोय इथेच आहे, पण तिचा खर्च छोट्याला परवडत नाही. राज्याने तो खर्च उचलावा. फौंड्रीवाल्याला लोखंडाकडून ॲल्युमिनियमकडे जायचे असेल, मोटरचे हाउसिंग किंवा बॅटरीचा ट्रे ओतायचा असेल, तर नव्या डायसाठी आणि यंत्रासाठी स्वस्त कर्ज मिळावे, 500 कोटींची पायरी न चढता. आणि सवलत घेणाऱ्या बड्या कंपनीने नव्या विद्युत मॉडेलच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा राज्यातल्या लघुउद्योगांसाठी राखावा. देयके 45 दिवसांत देण्याचा नियम आयकर कायद्यात आला आहे. सवलतीचा पुढचा हप्ता देताना तो पाळला की नाही, एवढे तरी उद्योग विभागाने तपासावे.

विजेच्या गाड्या येऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. पुण्याची हवा मीही श्वासात घेतो, आणि तेलाच्या आयातीचे बिल सगळ्यांच्याच खिशातून जाते. बदल झालाच पाहिजे. पण त्याची किंमत कोण भरतो, हा राजकीय प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विधानसभेत द्यायचे असते.

ही संधी लगेच समोर आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात टोयोटा किर्लोस्करने 20 हजार कोटींच्या, विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांच्या प्रकल्पासाठी जुलै 2024 मध्ये राज्याशी सामंजस्य करार केला. मराठवाड्याच्या दृष्टीने यासारखी चांगली बातमी बऱ्याच वर्षांत आली नव्हती, आणि ही कंपनी माणसे शिकवून टिकवण्यासाठी ओळखली जाते. तिथे विटा रचल्या जाण्याआधी राज्याने आपल्या कागदांवर चार ओळी लिहून घ्याव्यात: कायम नोकऱ्यांचे किमान प्रमाण, वाळूजच्या छोट्या पुरवठादारांना खरेदीत हिस्सा, प्रशिक्षणाचा खर्च, आणि उद्या कारखाना विकला गेलाच तर कामगारांचे काय होईल याचे स्पष्ट कलम. आमदारांनी हे कागद सभागृहात मागावेत. कामगार संघटनांनी, लघुउद्योजकांच्या संघटनांनी त्यावर हरकती आणि सूचना द्याव्यात. आणि तळेगावच्या ज्या कामगारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यांना नव्या भरतीत वयाची अट शिथिल करून प्राधान्य देण्याचा निर्णय उद्योग विभागाने त्याच बैठकीत घ्यावा.